सणाचा दिवस खरा कोणता?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मला भाषण करावयाचा सराव नाही. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने पंचांगावर बोलावे, हे धाडसच आहे. पण चिटणीसबाईंनी फारच आग्रह केला, आणि मलाही वाटले की पंचांग रचतात विद्वान लोक, पण ते घरात पाळावयाचे काम तर आपणा बायकांचेच आहे. साबुदाणा कधी भिजवायचा, वाण कधी द्यायचे, पुरण कधी शिजवायचे, हे सारे आपणच पाहतो. तेव्हा पंचांगाने घरात घोटाळा झाला तर तो निस्तरतोही आपणच. असा एक घोटाळा माझ्या घरी झाला. त्यात माझ्या हातून एक चूकही झाली. तेच आज सांगणार आहे.

माझे माहेर सोलापूरचे. दाते पंचांग सोलापूरचेच, शके १८३८ पासून निघत आले आहे. माहेरी तेच. सासर आपल्या नारायण पेठेतले. इथे केसरीवाडा हाकेच्या अंतरावर, आणि आमच्या घरी तीन पिढ्या टिळक पंचांग. लग्न झाल्यावर मला पहिला फरक कळला तो संक्रांतीला. माहेरी संक्रांत चौदा किंवा पंधरा जानेवारीला, आणि सासरी दहा जानेवारीला! नव्या सुनेने काय बोलावे? मी मुकाट्याने चार दिवस आधी तिळगूळ केला. चार दिवसांचे काही वाटले नाही.

पण २०२३ साली चार दिवसांचा महिना झाला. तुम्हाला आठवत असेल, त्या वर्षी अधिक श्रावण होता. माझ्या आईने मोठ्या हौसेने जावयासाठी तेहतीस अनारसे पाठवले. आमच्याकडे मात्र अधिक नव्हताच, साधा श्रावण चालू होता! सासूबाईंनी डबा उघडून पाहिला आणि म्हणाल्या, "अनारसे छान झालेत. श्रावणाचे म्हणून खाऊ." पुढे आमचा गणपती आला २० ऑगस्टला. पेठेतल्या बाकीच्या घरी तो १९ सप्टेंबरला यायचा होता. कुंभाराकडे मूर्तींना रंगसुद्धा लागले नव्हते. ह्यांनी चार ठिकाणी हिंडून कशीबशी मूर्ती मिळवली. दारावरून जाताना एक शेजारीणबाई हसून म्हणाल्या, "काय हो, तुमचा गणपती वाट चुकला वाटतं?" त्यांनी थट्टाच केली होती. पण मी दमलेली होते, मोदकांची उकड बिघडली होती, आणि मी फटकन बोलून गेले, "आमचं पंचांग शुद्ध आहे, तुमचंच खोटं!" त्या बाई प्रसादाला आल्या नाहीत. पुढे महिन्याने त्यांच्याकडे गणपती बसला, मीही गेले नाही. ज्यांच्याशी रोज विरजणाची देवघेव, त्यांच्याशी बोलणे बंद झाले.

मनाला ते लागून राहिले. आणि गंमत अशी की मी जे बोलले, त्याचा अर्थ मलाच ठाऊक नव्हता. शुद्ध म्हणजे काय, खोटे म्हणजे काय? म्हणून वाचनालयातून पुस्तके आणून, समजेल तेवढे वाचले. जे कळले ते सांगते.

चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस. सूर्याचे वर्ष मात्र ३६५ दिवसांचे आणि वर थोडे. दर वर्षी अकरा दिवसांची तूट पडते. ती तशीच सोडली तर तीन वर्षांत सण महिनाभर मागे सरकतील, आणि थोड्या वर्षांत दिवाळी भर पावसात येईल. म्हणून आपल्याकडे सुमारे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा घालतात. तो कुठे घालायचा याचा नियम असा की, ज्या चांद्रमहिन्यात सूर्य रास बदलत नाही, म्हणजे संक्रांत पडत नाही, तो अधिक.

आता २०२३ चेच बघा. १७ जुलैला अमावास्या, आणि १६ ऑगस्टला पुढची अमावास्या. दाते पंचांगाच्या गणिताने सूर्य सिंह राशीत गेला १७ ऑगस्टला. म्हणजे मधला महिना संक्रांतीवाचून राहिला आणि अधिक ठरला. टिळक पंचांगात प्रत्येक संक्रांत चार दिवस आधी येते. त्या गणिताने सूर्य सिंहेत गेला १३ ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे अमावास्येच्या आतच. महिना साधा श्रावण ठरला. चार दिवसांचा महिना होतो तो असा.

आणि हे चार दिवस आले कुठून? आकाशात राशींच्या हद्दीवर दगड रोवलेले नाहीत. कुठून तरी मोजायला सुरुवात करावी लागते. टिळक पंचांग रेवती नक्षत्रातल्या एका मंद ताऱ्यापासून मोजते. दुसरा पक्ष चित्रेचा ठळक तारा धरतो आणि त्याच्या बरोबर समोर आरंभ मानतो. या दोन आरंभांत सुमारे चार अंशांचे अंतर आहे, आणि सूर्य रोज सुमारे एक अंश चालतो. झाले चार दिवस! एवढे कळल्यावर माझे मलाच हसू आले. एका ताऱ्याऐवजी दुसरा धरला, म्हणून आम्ही दोघी विरजण मागेनाशा झालो होतो.

पण हा वाद उगाच हट्टाने झाला, असे मात्र समजू नका. पूर्वी आपल्याकडे ग्रहलाघव या ग्रंथावरून पंचांग करीत. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी तो शके १४४२ मध्ये, म्हणजे सन १५२० मध्ये रचला. गणित सोपे, म्हणून तो घरोघरच्या जोशांकडे गेला. पण साडेतीनशे वर्षांत बारीक चुका साठत गेल्या. पंचांगात एक आणि आकाशात दुसरे, असे होऊ लागले. तेव्हा पुण्याचे गणिताचे प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे यांनी, डोळ्यांना दिसते त्याच्याशी जुळेल असे पंचांग १८६५ पासून काढायला सुरुवात केली. आबासाहेब पटवर्धनांनी त्यांना साहाय्य केले, म्हणून ते पटवर्धनी पंचांग. लोकमान्य टिळक हे छत्र्यांचेच विद्यार्थी. सर्वांचे एकमत व्हावे म्हणून ज्योतिषांच्या परिषदा भरल्या, १९०४ साली मुंबईस आणि १९२० साली सांगलीस. त्याच वर्षी लोकमान्य गेले. पुढे त्यांच्या नावाने पंचांग चालू राहिले. दुसरीकडे व्यंकटेश बापूजी केतकरांनीही आकाशाशी जुळणारेच नवे गणित केले, आणि चित्रेचा पक्ष बहुतेकांनी उचलला. म्हणजे दोन्हीकडची माणसे खऱ्याच्याच शोधात होती. तिथी, पौर्णिमा, ग्रहण यांत आज या दोघांत भांडण नाही. भांडण आहे ते महिन्याला नाव कोणते द्यायचे याचे.

१९५२ साली सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. देशभरातली नाना तऱ्हेची पंचांगे त्यांनी मागवून घेतली. २२ मार्च १९५७ पासून भारतीय सौर दिनांक सुरू झाला. आकाशवाणीवर तो सांगत, सरकारी राजपत्रावर तो छापतात. पण घरातल्या देव्हाऱ्यापर्यंत तो पोहोचला नाही. सण कायद्याने बदलत नाहीत, एवढे त्यावरून दिसते.

मला वाटत होते की हा घोळ आपल्याच धर्मात आहे. पण नाही. चंद्र आणि सूर्य यांचा मेळ सगळ्यांनाच घालावा लागला. प्राचीन मिसर देशात ३६५ दिवसांचे वर्ष होते, वरचा पाव दिवस ते धरीत नसत. त्यामुळे त्यांचे सण हळूहळू सरकत सगळ्या ऋतूंतून फिरून येत, आणि एका फेऱ्याला १४६० वर्षे लागत. जुन्या रोममध्ये जास्तीचा महिना घालणे पुरोहितांच्या हाती होते. ते आपल्या माणसाची अधिकाराची मुदत वाढावी म्हणूनही तो घालीत. शेवटी ज्युलियस सीझरने ख्रिस्तपूर्व ४६ मध्ये सगळी थकबाकी एकदम काढली, तेव्हा ते एक वर्ष ४४५ दिवसांचे झाले! पुढे त्याच्याही गणितात दहा दिवसांचा फरक पडला, म्हणून १५८२ साली पोपने ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर केला. रशियात चर्चने जुनेच गणित ठेवले, म्हणून तिकडे नाताळ ७ जानेवारीला येतो.

बाबिलोनच्या लोकांनी एकोणीस वर्षांत सात जास्तीचे महिने घालायची रीत बसवली. ज्यू लोकांत तीच रीत आजही आहे, त्यांच्या महिन्यांची नावेही बाबिलोनचीच. आपल्या कोकणातले बेने इस्राएल त्यांच्यातलेच. ते तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. पवित्र दिवस इतका कडक पाळला, की तेच त्यांचे नाव झाले. त्यांच्या नव्या वर्षाला ते मराठीत नव्याचा सण म्हणत. मुसलमान बांधव अधिक महिना मुळीच घालीत नाहीत, म्हणून रमजान दर वर्षी अकरा दिवस अलीकडे येतो आणि तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू बघतो.

आणि पारशी लोकांचे ऐकून तर मी चकितच झाले. इकडे आलेल्या पारशांनी पूर्वी कधीतरी एक जास्तीचा महिना घातला होता, इराणात राहिलेल्यांनी तो घातला नाही. पुढे दोन्हीकडचे भेटले तेव्हा पंचांगांत बरोबर एक महिन्याचा फरक! १७४५ साली सुरतेस त्यावरून शहेनशाही आणि कदमी असे दोन तट पडले, आणि १९०६ साली फसली हा तिसरा निघाला. तिघांचा अग्नी मात्र एकच. मी ते वाचले आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. आमच्या जिन्यावरचीच गोष्ट होती ती.

आता माझ्या भाऊबीजेचे सांगते. त्याच वर्षी आमची दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यावर आली. सोलापूरला माझा दादा कापडाच्या दुकानात नोकरीला आहे. दिवाळीच्या आधीचा महिना म्हणजे त्यांचा विक्रीचा हंगाम, मालक रजा कसा देणार? फोनवर तो म्हणाला, "ताई, आमची दिवाळी नोव्हेंबरात. आत्ता नाही गं जमायचं." मी बरे म्हटले. संध्याकाळी तबक घेऊन गच्चीवर गेले आणि रीतीप्रमाणे चंद्राला ओवाळले. पश्चिमेला बारीकशी कोर होती, ती लगेच मावळली. भाऊ असून चंद्राला ओवाळावे लागले याचे फार वाईट वाटले. डोळे पुसून खाली आले. सासूबाईंनी पाहिले, पण त्या काही बोलल्या नाहीत.

नोव्हेंबरात गल्लीत सगळीकडे आकाशकंदील लागले. आमचा काढून माळ्यावर ठेवलेला. भाऊबीजेला सकाळीच दादा दारात उभा! हातात साडीचे पुडके. मी बावरले. आज ओवाळले तर घरची रीत मोडते, आणि न ओवाळले तर भाऊ एवढ्या लांबून आलेला. मी सासूबाईंकडे पाहिले. वयाने ऐंशीकडे आलेल्या, आयुष्यभर टिळक पंचांगाबाहेर पाऊल न टाकलेल्या त्या बाई उठल्या, कोपऱ्यातला पाट स्वतः आणला आणि म्हणाल्या, "त्याची बीज आज आहे ना? मग मांड पाट. आपली झाली, त्याची व्हायचीय." निरांजनही त्यांनीच लावून दिले.

त्या संध्याकाळी कोर पुन्हा दिसली, ऑक्टोबरात होती तशीच. तीही बीजच होती आणि हीही बीजच. चंद्राला कुठे ठाऊक, आपण कोणत्या बीजेला भाऊबीज म्हणतो ते!

दुसऱ्या दिवशी वाटीभर अनारसे घेऊन मी शेजारीणबाईंकडे गेले. "माझं चुकलं, तुमचं पंचांग खोटं नाही," एवढेच म्हणाले. त्यांनीही "वाट चुकला म्हटलं ते माझंही चुकलंच" असे म्हणून आत बोलावले. आज त्या इथेच पुढच्या रांगेत बसल्या आहेत.

भगिनींनो, याचा अर्थ कोणत्याही दिवशी काहीही करावे असा नाही. आपल्या घरी जे पंचांग असेल ते नीट, मन लावून पाळावे. सणाला नेमका दिवस असतो म्हणूनच सगळी माणसे एकत्र येतात. पण आपला दिवस पाळताना दुसरीच्या दिवसाला खोटे म्हणू नये, आणि तिचा दिवस आला की तिच्या दारी जावे. आपल्या मंडळात दोन्ही पंचांगांची घरे आहेत. माझी एक सूचना आहे. वर्षारंभी कार्यक्रमांचे पत्रक निघते, त्यात संक्रांत, गणपती आणि दिवाळी यांच्या दोन्ही तारखा छापाव्यात. आपले हळदीकुंकू दहा तारखेच्या आधी आणि पंधरा तारखेच्या मध्ये कुणालाही अडचण होईल असे नसावे, सोळा-सतराला ठेवावे. पत्रकात एक ओळ वाढेल, आणि कुणाचा गणपती वाट चुकला असे पुन्हा कुणी म्हणणार नाही.