कागदावरचा सामना



१९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकणारा देवधरांचा महाराष्ट्र संघ, आणि १९५८-५९ पासून सलग १५ वर्षे तो राखणारा मुंबईचा संघ, यांत श्रेष्ठ कोण? आज संगणकाला जुने आकडे पुरविले, की तो हा सामना खेळवूनही दाखवितो. पण आकड्यांना सारे कोठे ठाऊक असते? १९४८ साली पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम गाठायला अवघ्या ९ धावा हव्या होत्या. तोच काठेवाडचा संघ सामना सोडून गेला. त्या राहिलेल्या धावा कोणत्या गणितात धरायच्या? तेव्हा कागदावरचा सामना जरूर मांडावा. निकाल देण्यापूर्वी मात्र त्या त्या काळाची साक्ष काढावी, एवढेच माझे मागणे.