रिपोर्ट माझा होता
(युवक-युवती शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)





मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग केलं आणि आता सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. शिबिराच्या संयोजकांनी 'पर्यावरण आणि आरोग्य' असा विषय दिला तेव्हा प्रदूषणाचे चार आकडे सांगून मोकळं व्हायचं, असं मी ठरवलं होतं. पण मग वाटलं, आपल्या चळवळीत आपण नेहमी म्हणतो की बदल घरापासून सुरू करा. म्हणून घरापासून सुरुवात करतो.

लग्नाला दोन वर्षं झाली आणि मूल झालं नाही, की घरात काय सुरू होतं ते तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडेही तेच झालं. फुफी आल्या की अम्मीला म्हणायच्या, "बहू कू कोई अच्छी डॉक्टरनी कू दिखाओ." अम्मीने कुठून तरी ताविज आणला. बायकोची सोनोग्राफी झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या, थायरॉइड झालं. या सगळ्यात मला कुणीच काही विचारलं नाही, आणि मीही स्वतःला काही विचारलं नाही. शेवटी एका डॉक्टरबाईंनी चिठ्ठीवर दोघांची नावं लिहिली. बायकोचं सगळं व्यवस्थित होतं. माझ्या रिपोर्टमध्ये शुक्रजंतूंची संख्या कमी निघाली.

तो कागद मी चार महिने लॅपटॉपच्या बॅगेत ठेवला. बायकोला सांगितलं, घरात कुणाला सांगितलं नाही. त्या चार महिन्यांत ती दोन लग्नांना आणि एका अकिक्याला गेली आणि तिथे सगळ्यांचं ऐकून आली. मला ठाऊक होतं आणि मी गप्प होतो. आज मी जे बोलणार आहे ते या चार महिन्यांमुळे.

आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो. माझ्या बाबतीत कारण काय, ते डॉक्टरांना सापडलं नाही. प्लॅस्टिकमुळे झालं किंवा फवारणीमुळे झालं, असा माझा दावा नाही. पण कारण शोधताना मी जे वाचलं, त्यात एक गोष्ट वारंवार दिसली. रसायनांनी माणसाच्या प्रजननावर केलेला परिणाम बहुतेक वेळा उशिरा कळला, आणि उशीर होण्यामागे विज्ञानाइतकंच आपलं गप्प बसणंही होतं.

पहिली गोष्ट अमेरिकेतली. कॅलिफोर्नियात लॅथ्रॉप नावाचं गाव आहे. तिथल्या कीटकनाशकांच्या कारखान्यात डीबीसीपी नावाचं रसायन तयार व्हायचं. जमिनीतले सूत्रकृमी मारायला ते वापरत. १९७७ साली तिथल्या कामगारांच्या आपसातल्या बोलण्यात आलं, की आपल्या विभागातल्या कितीतरी जणांना मूलच होत नाहीये. त्यांनी तपासणीचा आग्रह धरला. अनेकांच्या वीर्यात शुक्रजंतू अगदी कमी होते, काहींच्या तर अजिबात नव्हते. धक्कादायक गोष्ट पुढेच आहे. या रसायनाने उंदरांचे वृषण आक्रसतात, हे १९६१ सालीच प्रसिद्ध झालं होतं. म्हणजे सोळा वर्षं माहिती कागदावर होती, आणि ती वास्तवात आणली ती एकमेकांशी बोललेल्या कामगारांनी. अमेरिकेने १९७९ साली त्याचा बहुतेक वापर थांबवला. त्याआधी आणि काही ठिकाणी त्यानंतरही ते मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांत वापरलं गेलं. तिथल्या हजारो मजुरांना पुढे कोर्टाची पायरी चढावी लागली.

डीबीसीपी थेट शुक्रजंतू तयार करणाऱ्या पेशींवर घाव घालतं. दुसरी रसायनं याहून वेगळ्या वाटेने जातात. ती शरीरातल्या संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करतात.

हार्मोन म्हणजे शरीराने शरीराला पाठवलेला निरोप. एका ग्रंथीतून तो रक्तात निघतो आणि ज्या पेशीसाठी आहे तिथे पोहोचतो. पेशीवर किंवा पेशीच्या आत त्या निरोपासाठी एक जागा असते. कुलपात किल्ली बसावी तसा तो तिथे बसतो आणि पेशी काम सुरू करते. वयात येणं, पाळी, गर्भ राहणं, शुक्रजंतू तयार होणं, हे सगळं अशा निरोपांवर चालतं. आता एखाद्या कृत्रिम रसायनाचा आकार त्या किल्लीशी मिळताजुळता असला, तर ते भलत्या वेळी कुलूप उघडतं किंवा कुलपात अडकून खऱ्या किल्लीची वाट बंद करतं. काही रसायनं हार्मोन तयार होण्यातच अडथळा आणतात. आमच्या भाषेत सांगायचं, तर यंत्रणेत खोट्या नावाने निरोप शिरतो आणि यंत्रणा तो खरा मानते.

यातल्या तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, हार्मोन अत्यंत सूक्ष्म प्रमाणात काम करतात, त्यामुळे 'थोडंसं तर आहे' हा युक्तिवाद इथे नेहमी चालत नाही. दोन, वेळेला महत्त्व आहे. मोठ्या माणसाला जे सोसतं ते पोटातल्या बाळाला सोसेलच असं नाही, कारण त्याचे अवयव तेव्हा घडत असतात. तीन, परिणाम दिसायला कधी कधी एक पिढी जाते.

या तिसऱ्या गोष्टीचं उदाहरण फार बोलकं आहे. डीईएस नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन १९३८ साली तयार झालं. गर्भपात होऊ नये म्हणून ते लाखो गरोदर बायकांना दिलं गेलं. त्याचा काही उपयोग होत नाही, हे शिकागोतल्या एका चाचणीत १९५३ सालीच दिसलं होतं, तरी औषध चालूच राहिलं. १९७१ साली डॉक्टरांना काही तरुण मुलींमध्ये योनिमार्गाचा अतिशय दुर्मीळ कर्करोग आढळला. शोध घेतला तेव्हा कळलं, की त्यांच्या आयांनी गरोदरपणी हे औषध घेतलं होतं. पुढे अशा मुलींमध्ये गर्भाशयाचे दोष, वंध्यत्व आणि गर्भपात यांचं प्रमाणही जास्त दिसलं. गोळी आईने घेतली आणि भोगलं मुलीने. आता विचार करा, त्यातली एखादी मुलगी आपल्या मोहल्ल्यात सून म्हणून आली असती, तर तिला काय काय ऐकावं लागलं असतं?

आता आपल्या देशात येऊ. केरळच्या उत्तर टोकाला कासरगोड जिल्हा आहे. तिथे सरकारी प्लँटेशन कॉर्पोरेशनच्या काजूच्या बागा आहेत, सुमारे साडेचार हजार हेक्टर. काजूच्या मोहोरावर जी कीड पडते, जिला आपल्या कोकणात ढेकण्या म्हणतात, तिच्यासाठी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून २००० सालापर्यंत तिथे हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारलं गेलं. खाली वस्त्या होत्या, विहिरी होत्या, शाळा होत्या. काही वर्षांनी गावकऱ्यांना आणि स्थानिक डॉक्टरांना विचित्र आजार दिसू लागले. कृषी खात्यात काम करणाऱ्या लीलाकुमारी अम्मा यांनी १९९८ साली फवारणीविरुद्ध कोर्टात धाव घेतली. सरकारी नोकरीत असलेल्या एका बाईने सरकारी महामंडळाला आव्हान दिलं, हे लक्षात घ्या.

मग अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथे अभ्यास केला. हबीबुल्ला सय्यद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बागांजवळच्या गावातली ११७ मुलं आणि फवारणी नसलेल्या गावातली ९० मुलं तपासली. त्यांचा निबंध २००३ साली प्रसिद्ध झाला. फवारणीच्या छायेतली मुलं वयात येण्यात मागे पडत होती, आणि एंडोसल्फानच्या प्रमाणाशी त्यांच्या हार्मोनच्या पातळीतल्या बदलांचा संबंध दिसत होता. मुलांची संख्या लहान आहे, अशी मर्यादाही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवली. मला हे आवडलं. खरं विज्ञान आपली मर्यादा सांगून बोलतं. ताविज देणारा कधी मर्यादा सांगत नाही.

एंडोसल्फानचा सर्वात मोठा उत्पादक तेव्हा आपलाच देश होता. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावर बंदी आणली. त्याच वर्षी स्टॉकहोम करारानुसार जगभर ते टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. २०१७ साली न्यायालयाने पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला केरळ सरकारला सांगितलं. तीन महिन्यांची मुदत होती. २०२२ साली न्यायालयाला त्याच सरकारला पुन्हा फटकारावं लागलं. आणि या सगळ्या काळात त्या गावांतल्या मुलींची लग्नं जुळणं अवघड झालं होतं. विष वरून फवारलं गेलं आणि डाग मुलींवर लागला.

आपल्या महाराष्ट्रात २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ती लगेच दिसणारी विषबाधा होती, म्हणून बातमी झाली. हार्मोनवरचा परिणाम असा दवाखान्याच्या दारात येऊन पडत नाही. तो घरात येतो आणि घरात त्याला 'बांझ' असं नाव मिळतं.

आपला समाज कोणकोणत्या कामांत आहे बघा. भंगार, जुन्या प्लॅस्टिकची गिट्टी, वायर जाळून तांबं काढणं, रंगकाम, चामड्याचं काम. धारावीचा तेरा कंपाऊंड घ्या किंवा मालेगावचे प्लॅस्टिकचे कारखाने घ्या. पीव्हीसी मऊ करायला थॅलेट नावाची रसायनं घालतात. त्यातली काही नर उंदरांच्या गर्भात टेस्टोस्टेरॉन कमी करतात, हे प्रयोगांत सिद्ध झालेलं आहे. जुम्म्याला आपण अत्तर लावतो. चंदनाचं तेल महाग झालं तसं बाजारातल्या स्वस्त अत्तरांत आधार म्हणून कधी पॅराफिन, कधी थॅलेट येऊ लागलं. बाटलीवर त्याचा उल्लेख क्वचितच असतो. मी घाबरवत नाही. अत्तर लावलं म्हणून कुणाला मूल होणार नाही, असं नाही. आपण काय अंगाला लावतोय हे विचारायचा हक्क आपल्याला आहे, एवढंच म्हणतोय.

जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करणारी, किंवा तशी शंका असलेली, सुमारे ८०० रसायनं आहेत. त्यातल्या बहुतेकांची पुरेशी तपासणी झालेलीच नाही. बाळाच्या दुधाच्या बाटलीत बिस्फेनॉल-ए नको, हा नियम आपल्याकडे आला, चांगलं झालं. पण घरातली बाटली बदलणं ज्याला परवडतं तो बदलतो. गिट्टीच्या मशीनवर बारा तास उभा राहणारा काय बदलणार? आमच्या क्षेत्रात प्रोग्रॅम तपासून मगच लोकांच्या हातात देतात. आधी वापरा, बिघडलं तर कळवा, असं औषधं आणि रसायनांच्या बाबतीत चालता कामा नये. सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बनवणाऱ्याची असली पाहिजे. आजारी पडलेल्याने कारण सिद्ध करायचं, हा उलटा न्याय आहे.

मग आपण काय करायचं? मला तीन कामं सुचतात.

पहिलं काम घरातलं. मूल होत नसेल तर पहिल्याच दिवशी दोघांची तपासणी. जगात साधारण सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारणही असतं. वीर्याची तपासणी सर्वात सोपी आणि स्वस्त आहे, आणि तीच सर्वात शेवटी होते. मूल होत नाही म्हणून दुसरं लग्न, मूल होत नाही म्हणून तलाक, असं बोलणाऱ्याला आपण आधी विचारू, "तुझा रिपोर्ट कुठे आहे?" हमीद दलवाईंनी १९६६ साली मुंबईत सात महिलांचा मोर्चा काढला, तेव्हा बाईवरच्या अन्यायावर बोट ठेवलं होतं. हा अन्याय त्याच घरातला आहे. इतर समाजात ताविजाऐवजी नवस असतो, बोल मात्र बाईलाच लागतो.

दुसरं काम वस्तीतलं. गिट्टीवाले, फवारणीवाले, रंगारी यांनी एकत्र बसून बोलायला हवं. कुणाच्या घरात किती गर्भपात झाले, किती जणांना मूल नाही, याची नावं न घेता नोंद ठेवता येईल. लॅथ्रॉपच्या कामगारांकडे याहून जास्त काही नव्हतं. ही नोंद ठेवायची साधी व्यवस्था मी फुकट करून देईन, कार्यकर्ते तुम्ही द्या.

तिसरं काम सरकारकडचं. डब्यावर, बाटलीवर घटकांची नावं मराठी-उर्दूत हवीत. मजुरांना मास्क आणि हातमोजे मालकाने द्यावेत. परदेशात ज्यावर बंदी आहे ते इथे का विकलं जातं, हे माहितीच्या अधिकारात विचारत राहू.

शेवटी, त्या कागदाचं काय झालं ते सांगतो. ईदच्या दिवशी सगळे जेवायला बसले होते. फुफींनी विषय काढला. मी बॅग उघडली आणि रिपोर्ट अब्बांच्या हातात दिला. म्हटलं, "इसमें मेरा नाम लिखा है." कुणी काही बोललं नाही. जरा वेळाने अम्मी उठली आणि तिने सुनेच्या ताटात शीरखुर्मा वाढला. बस्स, एवढंच झालं. पण त्या दिवसानंतर आमच्या घरात तिला कुणी काही विचारलं नाही.

तुमच्यापैकी कुणी मला विचारेल, पुढे मूल झालं का? ते मी सांगणार नाही. हो म्हटलं तर तिची किंमत वाढू नये आणि नाही म्हटलं तर कमी होऊ नये, यासाठीच तर आपली चळवळ आहे.