आधी बी मोजा, मग पेरा
(प्रभागसंघाच्या खरीपपूर्व सभेतील भाषण)



तिफणीच्या काळात चाड्यावर मूठ धरणारीला बी किती पडतंय ते हातालाच कळायचं. आता पेटीत बी ओतलं की ट्रॅक्टर पुढे निघतो. बी किती पडलं, ते वावर संपल्यावर कळतं. तेव्हा कळून काय उपयोग? म्हणून गटाचं पेरणी यंत्र शेतात जाण्याआधी त्याचं माप घ्यायचं. यंत्रावरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. वाण बदललं, दाणा लहानमोठा झाला, की तोच आकडा वेगळं बी पाडतो.

सोयाबीनचं उदाहरण घेऊ. एकरी 30 किलो बी. एकराचे 40 गुंठे, म्हणजे गुंठ्याला 750 ग्रॅम. एवढंच लक्षात ठेवा.

गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. यंत्राला पाच फण, दोन फणांत दीड फूट, तर एका फेरीत साडेसात फूट रुंदी पेरली जाते. 1089 ला साडेसातने भागलं की 145 फूट. म्हणजे यंत्र 145 फूट चाललं की एक गुंठा पेरून झाला. आता यंत्राच्या चाकाला दोरी गुंडाळून घेर मोजा. घेर पाच फूट भरला तर 29 फेऱ्या. तुमच्या यंत्राचे फण, अंतर आणि घेर वेगळे असतील, तर हाच हिशेब तुमच्या मापाने करा.

यंत्र उचलून खाली भक्कम ठोकळे द्या. ट्रॅक्टर बंदच ठेवा. पेटी निम्मी भरा, प्रत्येक नळीखाली पिशवी बांधा. नळ्यांत बी उतरेपर्यंत चाक फिरवा, ते बी परत पेटीत टाका. मग मोजून 29 फेऱ्या द्या आणि पिशव्या तोला.

प्रत्येकीत 150 ग्रॅमच्या आसपास, एकूण 750 भरलं पाहिजे. 900 भरलं तर एकरी 36 किलो जाईल. चार एकरांत 24 किलो बी फुकट. 600 भरलं तर 24 किलोच पडेल, पीक विरळ येईल. मग लीव्हर थोडा सरकवा आणि पुन्हा मोजा. एकाच पिशवीत कमी असेल तर ती नळी तपासा. माती किंवा कोळ्याचं जाळं असतं. पिशवीत फुटलेले दाणे दिसले तरी यंत्र तपासा. सोयाबीनचं साल नाजूक असतं, फुटका दाणा उगवत नाही.

शेतात चाक घसरतं, आणि बीजप्रक्रिया केलेलं बी वेगळं सरकतं. म्हणून पेरणीच्या दिवशी, प्रक्रिया करून सावलीत सुकवलेलं बी घेऊन, पिशव्या बांधून 145 फूट यंत्र चालवा आणि एकदा तोलून बघा. उरलेलं प्रक्रियेचं बी घरात किंवा गुरांना देऊ नका.

घरचं बी असेल तर आधी 100 दाणे ओल्या गोणपाटात उगवून बघा. 70 उगवले तर 30 किलो पुरे. 60 उगवले तर 35 किलो लागेल; गुंठ्याला 875 ग्रॅम.

शेवटचं. यंत्रासोबत एक वही ठेवा: पीक, वाण, लीव्हरचा आकडा, गुंठ्याचं वजन. यंत्र भाड्याने देताना तराजू आणि वहीही सोबत द्या. बी वर्षभर जपून ठेवतो आपण. ते मोजायचं कामही आपल्याच हाती असू द्या.