चालते घर आणि मुक्कामाची जागा



आजच्या व्याख्यानाचा विषय प्रथमदर्शनी काहीसा चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. मोटारीमागे जोडलेल्या एका लहानशा गाडीलाच घर मानावे, दोन-तीन कुत्री सोबत घ्यावीत आणि कायमचे त्या घरात राहावयास निघावे, असे जीवन पत्करणाऱ्या माणसांविषयी मला बोलावयाचे आहे. पाश्चात्त्य देशांत अशी कुटुंबे पुष्कळ आहेत. आपल्याकडेही अलीकडे थोडीफार दिसू लागली आहेत. त्यांच्या मनात प्रथम येतात ते गाडीविषयीचे प्रश्न. ती किती लांब असावी, तिला किती खर्च येईल, ती ओढणारी मोटार किती ताकदीची हवी? हे प्रश्न खरे आहेत आणि कुशल कारागीर त्यांची उत्तरे देऊ शकतात. परंतु संध्याकाळ झाली की हे घर उभे कोठे करावयाचे, आणि तेथे ते कोण उभे राहू देणार, या प्रश्नाचे उत्तर कारागिराजवळ नसते. त्याचा विचार करण्यास जबलपूरइतके योग्य शहर क्वचितच सापडेल.

मिर्झापूरहून नागपूरकडे जाणारा जुना रस्ता आपल्या शहरावरून जातो. रेल्वे येण्यापूर्वी मध्य भारतातील धान्य आणि मीठ यांची ने-आण मोठ्या प्रमाणावर बैलांच्या पाठीवरून होत असे. ती करणारे लोक म्हणजे बंजारे. महाराष्ट्रात त्यांना आपण लमाण म्हणून ओळखतो. त्यांचे सारे बिऱ्हाड तांड्याबरोबर चालत असे. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली उत्तर भारतात चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला. त्याने त्याचे जे वर्णन केले आहे, ते चालत्या घरात राहू इच्छिणाऱ्याने अवश्य ध्यानात ठेवावे. बायकामुले बरोबर असत. दिवसाची मजल सहा-सात मैलांहून अधिक नसे आणि तीही थंड वेळी पुरी केली जाई. मुक्कामावर पाठीवरील ओझी उतरली की बैल चरावयास सोडले जात, कारण जमीन मुबलक होती आणि मनाई करणारे कोणी नव्हते.

या अखेरच्या गोष्टीवर त्या जीवनाचा सगळा डोलारा उभा होता. दख्खनच्या स्वारीत मोगल सैन्याला रसद पुरविणाऱ्या नायकांना ताम्रपट मिळाला होता, अशी बंजाऱ्यांची परंपरा सांगते. त्या परंपरेनुसार गरज पडल्यास घरच्या रांजणातील पाणी व छपरावरील गवत घेण्याची मुभा त्यांना देण्यात आली होती. ताम्रपटाचा इतिहास काहीही असो, फिरत्या माणसाने राज्यकर्त्याकडे काय मागितले हे त्यातून स्पष्ट होते. त्याने पाणी, चारा आणि मुक्कामाची परवानगी मागितली.

तांड्याची राखण कुत्री करीत. बंजाऱ्यांच्या कुत्र्यांची ख्याती दूरवर होती आणि त्यांच्यापैकी एकाची कथा आपल्या परिसरात आजही सांगितली जाते. एका बंजाऱ्याला पैशाची निकड पडली, तेव्हा त्याने आपला कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. सावकाराच्या घरी चोरी झाली. कुत्र्याने चोरीचा माल शोधून दिला. प्रसन्न झालेल्या सावकाराने कर्ज फिटल्याची चिठ्ठी त्याच्या गळ्यात बांधून त्याला मोकळे केले. कुत्रा वाट काढीत धन्याकडे निघाला. धन्याने त्याला वाटेत पाहिले आणि आपला शब्द मोडून हा पळून आला असे समजून त्याला ठार केले. चिठ्ठी दिसली ती त्यानंतर. दिंडोरीजवळच्या कुकर्रामठ या प्राचीन शिवमंदिराशी ही कथा जोडलेली आहे. छत्तीसगढात बालोद जिल्ह्यातील खपरी येथील कुकुरदेव मंदिराविषयीही ती सांगतात.

ही कथा इमानाची म्हणून सांगितली जाते. तिच्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. गावातला शेतकरी कर्ज काढताना जमीन गहाण ठेवतो. ज्याला जमीन नाही, ज्याचा आज येथे तर उद्या तेथे मुक्काम, त्याच्याजवळ तारण म्हणून कुत्राच होता. फिरत्या घरात कुत्र्याची किंमत काय असते, हे यावरून उमगावे.

मार्च १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता या शहरांना जोडणारा लोहमार्ग जबलपूर येथे पूर्ण झाला. बैलांच्या पाठीवरील व्यापार त्यापूर्वीच खालावू लागला होता. आता तो झपाट्याने मोडला. पुढच्याच वर्षी, १८७१ साली, सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रथम तो उत्तर भारतात लागू झाला, पुढे इतर प्रांतांत पसरला. ज्या जमातींची नावे त्याखाली जाहीर झाली, त्यांच्यावर नोंदणी, हजेरी आणि हालचालींवरील निर्बंध आले. अशा जमातींत भटक्या जमाती पुष्कळ होत्या. फिरणे हेच संशयाचे कारण ठरले. हा कायदा १९५२ साली रद्द झाला.

त्याच काळात दुसरेही लोक तंबूत राहून फिरत होते. जिल्ह्याचा अधिकारी हिवाळ्यात महिनोन्महिने दौऱ्यावर असे. कर्नल स्लीमन १८३५ च्या नोव्हेंबरात जबलपूरहून निघून भेडाघाटावरून हिमालयाकडे गेले, तो प्रवासही असाच मुक्कामामागून मुक्काम करीत झाला. ठगांचा बंदोबस्त झाल्यावर जबलपुरात जी उद्योगशाळा निघाली, तीत माफीचे साक्षीदार झालेले ठग आणि त्यांची मुले सतरंज्या व तंबू तयार करीत. अशा रीतीने एकाच्या स्थिर होण्यातून दुसऱ्याच्या फिरण्याची सोय झाली. साहेबाचा तंबू पडला की गावाने दूध, गवत, लाकूड हजर करावयाचे. बंजाऱ्याचा तांडा उतरला की गावाने चौकीला खबर द्यावयाची. दोघांजवळही कुत्री होती, दोघांचेही घर कापडाचे होते. फरक होता तो मुक्कामाच्या हक्काचा.

इंग्लंडातही हेच घडले. डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल-वैद्याने १८८५ साली केवळ हौसेखातर एक घोडागाडी बांधवून घेतली, तिला ‘वाँडरर’ असे नाव दिले आणि ‘हरिकेन बॉब’ नावाचा आपला न्यूफाउंडलंड जातीचा कुत्रा सोबत घेऊन तो स्कॉटलंडपर्यंत गेला. हौसेच्या चालत्या घरांचा तो आद्य पुरुष मानला जातो. त्या देशातील जिप्सी लोक त्यापूर्वीपासून अशाच गाड्यांतून राहत होते. त्यांची भाषा भारतीय कुळातील आहे. डॉक्टरांच्या गाडीकडे लोक कौतुकाने पाहत. जिप्सींच्या गाड्यांना मात्र पुढे हाकलीत.

आता जे आज या जीवनाचा आरंभ करू इच्छितात, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट मजलेची. तांड्याचा नियम आजही खरा आहे: थोडे चालावे, थंड वेळी चालावे आणि उजेड असतानाच उतरावे. मागे ओढल्या जाणाऱ्या गाडीत कुत्री कधीही ठेवू नयेत. त्यांना आपल्याजवळ, मोटारीत घ्यावे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीर थंड ठेवतो. बाहेर तिशीतले तापमान असले तरी उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतील तापमान अर्ध्या तासात चाळिशीच्या पुढे जाते. मग जबलपूरच्या मे महिन्याविषयी काय सांगावे! वीस किलो वजनाच्या कुत्र्याला एरवीही रोज लिटरभर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून बरेच अधिक. पाण्याची टाकी घेताना हा हिशेब आधी करावा.

दुसरी गोष्ट जंगलाची. कान्हा आणि बांधवगड ही अरण्ये आपल्या शेजारी आहेत आणि तेथे पाळीव कुत्रे नेता येत नाहीत. हा नियम जाचक वाटला तरी सकारण आहे. गीरच्या अरण्यात २०१८ साली काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले आणि त्यांतील काहींमध्ये कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाचे विषाणू आढळले. म्हणून रेबीज व डिस्टेंपर यांच्या लसी वेळेवर टोचून घ्याव्यात आणि पशुवैद्याचे दाखले गाडीतच ठेवावेत. जंगलाच्या कडेला रात्री कुत्रा बाहेर साखळीने बांधून ठेवणे हे तर बिबट्याला दिलेले आमंत्रणच होय. तांड्याची कुत्री अनेक असत, मोकळी असत आणि माणसे त्यांच्या आसपास निजत. एकट्या, बांधलेल्या कुत्र्याकडून त्या राखणीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

तिसरी गोष्ट गावाची. उतरण्यापूर्वी विचारावे. पाणी कोठून घ्यावे, कुत्री कोठे फिरवावीत, सांडपाणी कोठे टाकावे, हे पाटलाला, सरपंचाला, निदान समोरच्या दुकानदाराला विचारावे. गावच्या कुत्र्यांचीही आपापली हद्द असते. परका कुत्रा तीत शिरला की भांडण जुंपते आणि ते लवकरच माणसांपर्यंत पोहोचते.

चौथी गोष्ट पत्त्याची. गाडीची नोंदणी पत्त्यावर होते. मतदार यादीत नाव घालण्यासाठी १९५० च्या कायद्याप्रमाणे त्या मतदारसंघात सर्वसाधारणपणे राहणारा असावे लागते. ज्याच्यामागे मुलाचे, भावाचे वा स्वतःचे पक्के घर आहे, त्याला ही अडचण भासत नाही. ज्याच्यामागे काहीच नाही, त्याचे काय? गाडिया लोहारांचा विचार करा. चितोड १५६८ साली पडल्यावर, ते परत मिळेपर्यंत घर बांधणार नाही, अशी शपथ पूर्वजांनी घेतल्याचे ते सांगतात. बैलगाडी हेच त्यांचे घर झाले. ६ एप्रिल १९५५ रोजी पंडित नेहरूंनी त्यांना समारंभपूर्वक चितोडगडावर नेले आणि शपथ पुरी झाल्याचे जाहीर केले. तरीही त्यानंतर कित्येक कुटुंबे रस्त्याच्या कडेलाच राहिली. गड खुला झाला, पण भाता लावून राहण्याजोगी जमीन प्रत्येकाला लाभली नाही. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ साली आपला अहवाल दिला, त्यातही भटक्या-विमुक्तांना घर नाही आणि हाती कागदपत्रे नाहीत, हे दुःख मांडलेले आहे.

महाराष्ट्र व केरळ या राज्यांनी २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणे जाहीर केली. अशा गाड्यांच्या मुक्कामासाठी खास तळ असावेत, हे त्यांनी मान्य केले आहे. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. चालत्या घराला मुक्काम लागतो, हे तत्त्व शासनाने स्वीकारले आहे. तेच तत्त्व बैलगाडीतल्या घराला, पालाला आणि तांड्याला लागू केले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

चाकांवरच्या घरात राहावयास निघालेल्या माणसाला मी परावृत्त करीत नाही. त्याने जरूर निघावे. पहिल्याच संध्याकाळी एखाद्या अनोळखी गावाच्या वेशीबाहेर तो गाडी उभी करील, कुत्री खाली उतरवील आणि कोणीतरी येऊन विचारील, “येथे किती दिवस राहणार?” हा प्रश्न त्याला कदाचित आयुष्यात प्रथमच ऐकावा लागेल. रस्त्यावरच्या लोकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे. त्याने त्यांची आठवण ठेवावी, आणि पक्क्या घरांत राहणाऱ्या आपण सर्वांनी हा प्रश्न विचारताना थोडे मार्दव ठेवावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.