रिकामा चौकोन कुणाचा?



कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकातल्या दिनदर्शिकेवर काय बोलावे, असे आपल्यापैकी कित्येकांना वाटले असेल. मी संगणकाचा पंडित नव्हे. परंतु मस्टर वाचण्यात माझी उमर गेली आहे, आणि आजच्या कचेरीतली दिनदर्शिका हे मस्टरचेच नवे रूप आहे, असे माझे मत आहे.

प्रथम ही यंत्रणा चालते कशी ते पाहू. पूर्वी बैठक ठरवावयाची तर शिपाई चिठ्ठी घेऊन टेबलोटेबली फिरे. आता 'अमका गृहस्थ केव्हा मोकळा आहे?' हे एक प्रोग्रॅमच दुसऱ्या प्रोग्रॅमला विचारतो. त्यासाठी १९९८ साली 'आयकॅलेंडर' नावाचे प्रमाण ठरले. माणूस मोकळा की गुंतलेला, एवढेच कळविण्याची स्वतंत्र सोय त्यात आहे. २००७ साली 'कॅलडॅव्ह' हे प्रमाण आले आणि असा प्रश्न सर्व्हरला ठरीव रीतीने विचारता येऊ लागला.

मायक्रोसॉफ्टच्या 'ग्राफ' या सेवेचे उदाहरण घ्या. प्रोग्रॅम सहकाऱ्याचा ईमेल पत्ता देतो, केव्हापासून केव्हापर्यंत ते सांगतो आणि वेळेचे तुकडे किती मिनिटांचे पाडावयाचे तेही सांगतो. उत्तरात आकड्यांची माळ येते. ० म्हणजे मोकळा किंवा दुसऱ्या ठिकाणाहून काम चालू, १ म्हणजे वेळ तात्पुरती धरलेली, २ म्हणजे गुंतलेला, ३ म्हणजे कचेरीबाहेर. सकाळी ९ ते १ या वेळेचे अर्ध्या-अर्ध्या तासाने ८ आकडे होतात. ते ००२२०१०० असे आले, तर १० ते ११ माणूस गुंतलेला, साडेअकरा ते १२ अनिश्चित, बाकी वेळ मोकळा किंवा दुसऱ्या ठिकाणी कामावर.

यात एक गोष्ट चांगली आहे. माणूस कशात गुंतला आहे, हे सांगावे लागत नाही. तो डॉक्टरकडे गेला की मुलाच्या शाळेत, याच्याशी विचारणाऱ्याला कर्तव्य नाही. मात्र जास्त अधिकार दिले, तर कामाचा विषय आणि ठिकाणही दिसू शकते. म्हणून अधिकार कोणाला व किती, हा प्रश्न यंत्राचा नसून माणसामाणसांतला आहे.

आता ० या आकड्याकडे वळू. यंत्राच्या भाषेत ० म्हणजे 'गुंतल्याची नोंद नाही', एवढेच. रात्री साडेआठ वाजता नोंद नसते, कारण माणूस घरी पानावर बसलेला असतो. हिवाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे १० वाजतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ झालेले असतात. तिथला साहेब ० पाहतो आणि बैठक लावतो. यंत्र खोटे बोलले काय? नाही. त्याच उत्तरात त्या माणसाचे कामाचे तासही आलेले असतात. ते वाचणारी ओळ प्रोग्रॅममध्ये कोणी घातलेली नसते!

दुसरे असे की, रिकामा चौकोन म्हणजे रिकामा माणूस नव्हे. हिशेब तपासणारा, नकाशा काढणारा, प्रोग्रॅम लिहिणारा यांचे खरे काम त्या रिकाम्या चौकोनांतच होते. गिरणीतला साचा थांबला की दिसतो; डोक्यातला साचा चालू असतानाही दिसत नाही.

मित्रहो, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. या साऱ्या झगड्यांचे सार एकच होते: विकलेले तास मालकाचे, उरलेले कामगाराचे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाबाहेरच्या वेळेत फोन-ईमेलपासून अलग राहण्याचा हक्क कायद्यात आला, तोही याच सूत्राने.

म्हणून माझ्या मागण्या तीन. प्रोग्रॅमने कामाचे तास आधी वाचावेत आणि त्याबाहेरच्या वेळेला 'मोकळा' म्हणू नये. सहकाऱ्याला मोकळा की गुंतलेला एवढेच दिसावे. आणि या आकड्यांची बेरीज करून कोणाची बढती वा बडतर्फी ठरवू नये. त्यासाठी कचेरीतल्या संघटनेने वेतनाच्या करारात या तीन कलमांची भर घालावी. प्रोग्रॅमची एक ओळ लिहिणे सोपे आहे. ती लिहावयास लावणे हे आपले काम आहे.