दुकानापुढील दुचाकी

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता येऊन मिळतो. २०१३ साली उड्डाणपूल खुला झाल्यापासून लांबच्या वाहनांना वरून परस्पर निघून जाता येते. पुलाखालच्या दुकानाशी थांबतो तो गावचा माणूस, आणि तो बहुधा दुचाकीवर येतो.

दुकानदार काचेच्या कपाटांवर हजारो रुपये खर्च करील. परंतु गिऱ्हाइकाची सायकल कोठे राहावी, हा विचार त्याच्या मनाला शिवत नाही! मग स्कूटर पदपथावर चढते आणि वृद्ध पादचाऱ्यास वाहनांच्या लोटात उतरावे लागते.

वास्तविक एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली मावतात. पुढचे चाक नुसते खाचेत अडकविण्याची सोय स्वस्त खरी. पण धक्का लागताच सायकल कलंडते व चाक वाकते. त्यापेक्षा कमानीसारखी वाकवून जमिनीत रोवलेली लोखंडी नळी बरी. तिला दोन्ही अंगांनी एकेक सायकल टेकते, आणि सांगाडा व चाक एकाच कुलपात येतात. स्कूटरला सपाट जमीन व आखलेला पट्टा पुरे.

महाजन बंधू, डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र, यांनी २०१५ साली सायकलीवरून अमेरिका ओलांडण्याची शर्यत पुरी केली. त्यांच्याच नाशकात पावशेर चहासाठी आलेल्या विद्यार्थ्याने सायकल विजेच्या खांबाला बांधावी काय?

श्रोत्यांतील व्यापारी बंधूंनी ही सोय आपल्याच आवारात करावी. पदपथ त्यांच्या मालकीचा नव्हे. आवार नसेल तेथे चार शेजाऱ्यांनी मिळून एखादी मोकळी जागा भाड्याने घ्यावी.