आरसा, पेन्सिल आणि हुसेन



चित्रकलेच्या तासाला "स्वतःचे चित्र काढा" म्हटले, की मोसमकाठच्या शेतकऱ्याचा सावळा मुलगाही सिनेमातला गोरा नट काढून देतो. आपला चेहरा चित्रात येण्याच्या योग्यतेचा नाही, असे मुलाला वाटणे ही नुसती चित्रकलेची बाब नव्हे, ती शिक्षणाची बाब आहे. एलिमेंटरी परीक्षेसाठी आपण वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र करून घेतो. आत्मचित्रासाठीही दोन तास काढावेत, अशी माझी विनंती आहे.

आदर्श म्हणून मकबूल फिदा हुसेन घ्यावेत. त्यांचा जन्म १९१५ साली पंढरपूरचा. मुंबईत त्यांनी सिनेमाचे फलक रंगवून पोट भरले. फलक दुरून ओळखू यावा लागतो. तो जोरकसपणा त्यांच्या रेषेत शेवटपर्यंत दिसतो.

पहिल्या तासाला आरसा व पेन्सिल द्यावी, खोडरबर बाजूला ठेवावे. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण निम्म्यावर असतात. मुले ते कपाळावर चढवतात. हे बोटाने मोजून दाखवावे. दुसऱ्या तासाला चित्रातले कमी करत जावे. मित्र ओळखील अशा तीनच गोष्टी ठेवाव्यात : जुळलेल्या भुवया, टोपी, ओढणीची किनार. जाड रेषा, दोन-तीन सपाट रंग. हुसेनांचे घोडे मात्र उतरवून घेऊ नयेत.

काही घरांत चेहरा रेखाटणे मान्य नसते. त्या घरांचा मान राखलाच पाहिजे. हुसेन तान्हे असतानाच त्यांची आई वारली. तिचा चेहरा आठवत नाही, असे ते सांगत. मदर तेरेसांवरील त्यांच्या चित्रांत चेहऱ्याची जागा रिकामी आहे. निळ्या किनारीची पांढरी साडी आणि हात सर्व काही सांगतात. अशा विद्यार्थ्याने आपले हात, दप्तर, खुरपे काढावे, किंवा आपले नाव सुलेखनात लिहावे. हुसेनही लहानपणी सुलेखन शिकले होते. गुण सर्वांना एकाच मापाने द्यावेत.

शेवटी चित्रे नावाविना भिंतीवर लावावीत आणि वर्गाने ती ओळखावीत. "हा तर आपला अमुक" असे मित्र म्हणाले, की त्या मुलाला गोरा नट काढायची गरज उरत नाही.